फकस्त नॉन, ते बी स्कॉटलंडचं

आमचे घरमालक आप्पा शिरूरजवळच्या न्हावऱ्याचे. पण त्यांच्याशी कशावरही बोलायला लागा, तिसऱ्या वाक्याला ते स्कॉटलंडात पोचलेले असतात.

कांद्याचा भाव पडला की म्हणणार, “स्कॉटलंडात बी हेच हाय.” लाइट गेली की, “तिथं अशी जात न्हाई. जायच्या आधी सांगती.” शेजारच्या सुनेनं सासूशी बोलणं टाकलं तेव्हा सगळी आळी हळहळत होती. आप्पा म्हणाले, “ह्ये काहीच न्हाई. स्कॉटलंडातली सून चिठ्ठी लिहून चुलीवर ठिवती.” हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं तर तर्जनी वर करून एकच शब्द बोलतात, “पुस्तकात.”

आप्पांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. धोतर, पैरण, डोक्याला पटका, गळ्यात तुळशीची माळ. उंच, काटक आणि चालताना अजून एक हात मागे धरलेला, कुणीतरी पाठोपाठ येतंय आणि त्याला थोपवायचंय असा. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता की बुबुळावर साय धरल्यासारखी दिसायची. उजवा डोळाही त्याच वाटेला लागला होता. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. ऑपरेशन फुकट, न्यायला आणायला गाडी फुकट, वर काळा चष्मा फुकट. तरी आप्पा ऐकत नव्हते. शिबिराची गाडी दोनदा दाराशी येऊन गेली. एकदा ते कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसले. दुसऱ्यांदा राहू गावाला लग्न आहे म्हणून पहाटेच निघून गेले. राहूला त्या दिवशी कुणाचंच लग्न नव्हतं. दुपारी उसाचा रस पिऊन परत आले.

“आप्पा, का नाही म्हणता?” मी विचारलं.

“स्कॉटलंडात डोळ्याला हत्यार लावीत न्हाईत.”

आता माझं थोडं सांगते, कारण या सगळ्यात मी कशी आले ते कळायला पाहिजे. मी वाशिमकडची. शाळा नववीत सुटली. लग्न झालं, नवऱ्याला रांजणगावला कंपनीत काम लागलं, आणि आम्ही दोन पिशव्या घेऊन इकडे आलो. खोली शोधताना तीन ठिकाणी ‘भाईरचे हायत’ म्हणून नकार आला. चौथं घर आप्पांचं. त्यांनी कागद विचारला नाही, पगार विचारला नाही. विचारलं काय, तर, “मेंढरं व्हती का तुमच्यात?”

मी घाबरून खरं ते सांगितलं, “नाही जी. शेळ्या होत्या. दोनच.”

“चालतंय,” म्हणाले आणि किल्ली हातात दिली.

त्याला नऊ वर्षं झाली. मी ओट्यावर शिलाई मशीन टाकलं, ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मला काळजी करायची सवय आहे. गॅस बंद केलाय का हे तीनदा बघते, नवरा कंपनीतून पाच मिनिटं उशिरा आला तरी माझा जीव खालीवर होतो. गावाकडचा फोन वाजला की आधी देवाचं नाव घेते. सुरुवातीला तर या गावात मला झोपच यायची नाही. पण सकाळी बाहेरून आवाज यायचा, “पोरी, उठली का? स्कॉटलंडात धा वाजले!” त्यांचं घड्याळही कुठल्या हिशेबानं चालायचं देव जाणे, पण तो आवाज आला की वाटायचं, चला, कुणीतरी विचारतंय.

आता स्कॉटलंड आलं कुठून?

आप्पांचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. मेंढरांचा कळप, घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड आणि सोबत चालणारी माणसं, या सगळ्याला मिळून ते लोक ‘वाडा’ म्हणतात. आप्पांचा वाडा पावसाळा सरला की घाट उतरून कोकणात जायचा आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत यायचा. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं विकली गेली. ती विकायच्या जरा आधी लस टोचायला आलेला जनावरांचा डॉक्टर बोलता बोलता म्हणाला होता, “आप्पा, तुमच्यासारखी माणसं स्कॉटलंडात आहेत. डोंगर आणि मेंढरं, दुसरं काही नाही. पण तिथला माणूस जे जगतो ते पुस्तकात लिहून ठेवतो.”

आप्पांनी विचारलं होतं, “मेंढका बी?”

“मेंढका बी.”

डॉक्टर सुया उकळून निघून गेला. आप्पांच्या डोक्यातून मात्र ते तीस वर्षं गेलं नाही. मेंढक्यानं पुस्तक लिहावं! शेवटी एक दिवस ते शिरूरच्या वाचनालयात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “स्कॉटलंडची पुस्तकं पायजेत. खरी. बनवलेल्या गोष्टी नकोत.” तिथल्या बाई म्हणाल्या, “म्हणजे नॉन-फिक्शन. आजोबा, तसलं आमच्याकडे नाही हो.” आप्पा हात हलवत परत आले, पण रिकामे नाही आले. येताना तो शब्द घेऊन आले. अर्धा.

दुसऱ्या दिवशी एस. टी. स्टँडवर पाचपंचवीस माणसांत कुणीतरी विचारलं, “आप्पा, काल शिरूरला काय काढलं व्हतं?”

आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, “आपण आता फकस्त नॉन घ्यायचं ठरीवलंय. ते बी स्कॉटलंडचं.”

आमच्याकडे नॉन म्हणजे एकच. ‘आज नॉन आहे का?’ म्हणजे मटण आहे का. आणि स्कॉटलंड म्हटल्यावर स्टँडवरच्या तरण्या पोरांना जे आठवायचं तेच, बाटलीतलं, आठवलं. माळकरी माणूस उतारवयात असा सुटला, ही बातमी संध्याकाळपर्यंत इनामगावच्या पलीकडे गेली. रात्रीच्या भजनाला आप्पा जाऊन बसले तर शेजारचे सरकले. शेवटी पेटीवाले मामा घरी आले, पाणीसुद्धा न घेता म्हणाले, “आप्पा, खायचं तर खावा. कुणाचं काय जात न्हाई. पन आधी माळ काढून देवाम्होरं ठिवा.”

“काय खाल्लं म्या?”

“नॉन! तुम्हीच म्हणला!”

“आवं, ते वाचायचं नॉन!”

मामा बराच वेळ विचार करून म्हणाले, “वाचायचं कशाला मग? त्याला रस्सा तरी आसतो का?”

तरी आप्पांनी शोध सोडला नाही, आणि ध्यानीमनी नसताना स्कॉटलंड त्यांना दौंडला भेटलं. कुणा नातेवाइकाला रेल्वेत बसवून परत येताना ते भंगारच्या दुकानात शिरले. धान्याला पत्र्याची पेटी हवी होती. पेटी मिळाली, ती पुस्तकांनी भरलेली. रेल्वे कॉलनीतलं एक जुनं बिऱ्हाड रिकामं झालं होतं, त्यातली. दुकानदार म्हणाला, “चाचा, पेटी ले जाओ, अंदर का कचरा मैं निकाल देता हूँ.”

“कसलं हाय आत?”

“अंग्रेजी किताब. वो पुराना साब इस्कॉटलंड का था, सब उधर का ही है.”

आप्पांचा हात पेटीवर घट्ट बसला. “गोष्टीची का खरी?”

दुकानदाराला प्रश्न कळला नसावा, पण धंदेवाला माणूस. म्हणाला, “एकदम असली, चाचा!”

या ‘असली’ शब्दावर पेटी जशीच्या तशी चौफुलामार्गे न्हावऱ्याला आली. धान्य अजून पोत्यातच आहे.

मी प्रथम बघितलं तेव्हा आप्पा ओट्यावर जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. एका पानाला सुपारीचं एक खांड. खांड संपलं की पान उलटायचं. गावात त्यांच्या इंग्लिशचा दबदबा झाला. कुणी औषधाची बाटली घेऊन आलं तर आप्पा म्हणायचे, “चष्मा घरी ऱ्हायला.” ते बसलेले असायचे घराच्याच ओट्यावर, पण हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. माझ्याही आलं नाही.

मग डोळ्यांवर साय चढायला लागली आणि एक दिवस त्यांनी मला हाक मारली. “पोरी, तुला एबीशीडी येती ना?”

घाबरले की मला माझी गावाकडची बोली येते. “आप्पा, मले इंग्रजी नाही येत. अक्षरं लावता येतात, पण अर्थाच्या नावानं काहीच नाही.”

“झालं तर मग. तू अक्षरं उचल, अर्थ म्या उचलतो. दोघांचं मिळून एक माणूस हुतंय.”

असा आमचा रिवाज पडला. दुपारी चारला मशीन थांबवायचं, दोन कप चहा करायचा आणि पान काढायचं. एकादशी सोडली तर रोज. मी आपली ठेचकाळत वाचायची, नाइफला कनाइफ, आयलंडला इसलँड. आप्पा डोळे मिटून ऐकायचे. मध्येच हात वर करायचे. “थांब. आता बघ काय म्हणतोय त्यो.”

आणि मग सांगायला लागायचे. लिहिणाऱ्याचं नाव कुठल्याही पुस्तकात त्यांच्या लेखी मॅकच असायचं. “मॅक म्हंजी आपल्यात आप्पा,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. हा मॅक सात वर्षांचा असल्यापासून मेंढरांमागे. हजार मेंढरांत आपली कोणती ते तोंडावरून ओळखणारा. लांडगा आला तर वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, कुठल्या बाजूनं आधी तुटतं, हे त्याला वाऱ्यावरून कळायचं. शेतात मेंढरं बसवली की मालक खताच्या बदल्यात धान्य द्यायचा, आणि धान्य चांगलं की किडकं यावरून मॅक माणसाची जात नाही, नियत सांगायचा.

“मग थंडी संपाया लागली तवा त्यांचा वाडा कोकणातनं निघाला,” एकदा आप्पा म्हणाले.

“आप्पा, स्कॉटलंडात कोकण आहे?”

आप्पांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. “ज्याचं त्याचं कोकण आसतंय.”

“आणि आत्ता तुम्ही बाजरीची भाकरी म्हणालात.”

“ओट म्हंत्यात तिकडं. बाजरीच्याच भावकीतलं हाय. तू वाच, मधी मधी अडवू नगं. त्यो मॅक इतक्या लांबनं सांगतोय.”

मी पुढची ओळ घ्यायची. मला ते सगळं पटायचं, कारण मला ते आवडायचं. घरापासून इतक्या लांब आलेली मी, मला वाटायचं, जगात त्या टोकाला पण असंच आहे तर. चालायचं, थांबायचं, परक्याच्या रानात रात्र काढायची. आणि अक्षरं लावून लावून माझी इंग्रजीची धास्तीही गेली. बँकेतला फॉर्म मी आता स्वतः भरते. नववी नापास बाईला हे कुणी दिलं असतं?

आप्पांच्या घरात मात्र मेंढरांना बंदी होती. त्यांचा थोरला मुलगा भाऊ सोसायटीत संचालक आहे, दाराशी गाडी आहे. माणूस वाईट नाही, वडिलांना कधी उलट बोलत नाही. पण पाहुणे आले आणि आप्पांनी ‘आमचा वाडा’ म्हणून सुरुवात केली की भाऊ हळूच म्हणायचे, “आप्पा, पाव्हण्यांम्होरं मेंढरं काढू नका.” नातवंडं तर उठूनच जायची. “आजोबा परत सुरू!” आणि तेच आप्पा ‘स्कॉटलंडात कसं असतंय’ म्हणाले की पाहुणे बशी खाली ठेवून ऐकायचे. भाऊ पण कौतुकानं बघायचे. हे मी कितीदा पाहिलं, पण दोन्हींत फरक नावाचाच आहे, हे मला दिसलं नाही.

ते मला मोबाईलनं दाखवलं.

मागच्या वर्षी आप्पा तापानं चार दिवस पडून होते. मला वाटलं, तोवर आपण पुढचं पान वाचून ठेवू, बरे झाल्यावर सांगू. नवऱ्याच्या नव्या फोनमध्ये अशी सोय होती की इंग्रजी पानासमोर कॅमेरा धरला की वर मराठी अक्षरं उमटतात. दुपारी मी आप्पांचं सगळ्यात लाडकं पुस्तक घेतलं, निळ्या पुठ्ठ्याचं, ज्यात मॅकचं लहानपण होतं. कॅमेरा धरला.

फोन म्हणाला, ‘भरतीच्या आधी कामगारांनी पायाचे दगड एकमेकांत बसवले.’

मला वाटलं फोन बिघडला. दुसरं पान धरलं. ‘दीपगृहाचा बुरूज.’ तिसरं. ‘खडकावर लाटा.’ लांडगा ज्या पानावर आला होता ते मला पक्कं आठवत होतं, तिथे चहाचा डाग होता. फोन म्हणाला, ‘चुन्याचे प्रमाण.’ पुस्तकाच्या शेवटी घडी घातलेला एक मोठा कागद ओलीनं चिकटून बसला होता. तो मी सुईनं हळूहळू सोडवला. आत चित्र होतं. खवळलेला समुद्र आणि मधोमध एकटा उभा बुरूज.

मग मी पेटीतली बाकीची बघितली. भंगारवाला अक्षरशः खरं बोलला होता. सगळी स्कॉटलंडच्या माणसांनीच लिहिलेली, सगळी असली. एक समुद्रातल्या दीपगृहाचं, एक दगडांच्या थरांचं, एक मधमाश्यांचं, एक तापावरच्या उपचारांचं. मेंढरू कुठेच नव्हतं.

खोटं कशाला सांगू, आधी मला राग आला. पाच वर्षं मी घसा कोरडा करत होते आणि हा माणूस मला बनवत होता? आप्पा बरे झाले त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, आज बघायचंच. मिक्सरसोबत आलेलं माहितीपत्रक मी निळ्या पुस्तकात घातलं आणि तोंड सरळ ठेवून वाचायला लागले.

“डू नॉट इमर्स द मोटर इन वॉटर.”

आप्पा भिंतीला टेकून बसले होते, तापानं उतरलेले. “पाण्याचं सांगतोय,” ते म्हणाले. “घाटात व्हळाला पाणी आलं व्हतं. वाडा आल्याड अडकला.”

मला हसू फुटायला आलं. मी पुढची ओळ घेतली. “कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन.”

मी वर बघितलं. त्यांचा हात मांडीवर उताणा पडला होता.

“चिल्ड्रन म्हणला का?”

“हो, आप्पा.”

“आलं व्हय ते. त्या मॅकची बायकू नवी व्हती. पोटुशी. वाडा थांबत न्हाई, रानाचा मालक दोन दिसांवर बसू देत न्हाई. वाटंतच बाळंत झाली. पोरगी. तीन दिस व्हती.”

मी माहितीपत्रक तसंच हातात धरून बसले.

“त्याच वक्ताला एका मेंढीचं कोकरू मेलं. आन् दुसरीचं एक पोरकं व्हतं. मग मेलेल्याचं कातडं काढायचं आन् पोरक्याच्या अंगात घालायचं, झबल्यावानी. मेंढी वास घेती आन् पाजती. म्या घातलं...” ते थांबले. “मॅकनं घातलं. पाजलं मेंढीनं. बायकू समूरच बसल्याली, बघत. पदर सगळा ओला झाल्याला. आता तिला कशाचं झबलं घालून दावायचं, ते त्याला सुचंना.”

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज संपल्यावर मी विचारलं.

“मॅकच्या बायकोचं नाव काय होतं, आप्पा?”

“न्हाई लिहिलं त्यानं,” आप्पा म्हणाले. मग पैरणीच्या बाहीनं तो सायीचा डोळा पुसला. “लिहाया पायजे व्हतं.”

आतल्या खोलीत त्यांच्या बायकोचा, हौसाबाईंचा, फोटो आहे. मी आले त्याच्या आधीच त्या गेल्या. त्या दिवशी चहाचे कप आत नेताना मला त्या फोटोकडे बघवलं नाही. राग कुठे गेला ते कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या मला आप्पांच्या डोळ्याचंही कोडं सुटलं. डोळे बरे झाले की पुस्तक हातात येणार. लोक म्हणणार, वाचा की आता. ‘चष्मा घरी ऱ्हायला’ कुठवर चालणार? आणि त्यांना दिसायला लागलं, तर मी तरी चार वाजता कशाला येऊन बसणार? स्कॉटलंड बंद म्हणजे मेंढरं बंद, वाडा बंद, ती मॅकची बायको पण बंद. त्यापेक्षा आंधळं झालेलं काय वाईट, असा त्या माणसाचा हिशेब होता.

मग काळजी माझी झाली. तीनदा गॅस बघणारी बाई मी, मला काय झोप लागते? ब्लाउजची गिऱ्हाइकं थांबवून मी एस. टी.नं शिरूरला गेले आणि डॉक्टरीणबाईंसमोर बसले. म्हटलं, “बाई, कारण विचारू नका. आप्पांना एवढंच सांगा, की ऑपरेशन झाल्यावर इंग्रजी वाचायचं नाही. कायमचं.” बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांनी खरंच कारण विचारलं नाही.

घरी येऊन मी आप्पांना निरोप सांगितला.

“कायमचं?” आप्पा ताठ बसले.

“कायमचं.”

“डोळा चांगला झाला तरी?”

“तरी. लांबचं बघायचं, मराठी मोठं अक्षर वाचायचं. इंग्रजी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं.”

आप्पा अंगणात दोन चकरा मारून आले. “लेखी देत्यात का?”

दिलं. डॉक्टरीणबाईंनी आपल्या कागदावर स्वच्छ मराठीत लिहिलं, ‘यांनी ऑपरेशननंतर इंग्रजी पुस्तक स्वतः वाचू नये. दुसऱ्याकडून ऐकावे.’ आप्पांनी कागद उजव्या डोळ्याला चिकटवून अक्षर अक्षर लावून वाचला आणि म्हणाले, “शिक्का न्हाई.” मी पुन्हा शिरूरला जाऊन शिक्का मारून आणला. पुढचे आठ दिवस तो कागद घेऊन ते स्टँडवर हिंडत होते, “काय करता, बंदी आली!” आणि लोक हळहळत होते, एवढं इंग्लिश येणारा माणूस. भाऊ तर मला हात जोडून म्हणाले, “ताई, आम्ही दोन वर्षं डोकं आपटलं. तुम्ही काय केलं?” मी म्हटलं, “काही नाही. कागद आणला.”

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा लागला, मग तोही निघाला. पहिल्या दिवशी आप्पा अंगणात उभे राहून नुसते बघत होते. समोरची चिंच, विजेच्या तारा, त्यावरचे पोपट. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरी, तुझ्या कपाळावं एवढ्या आठ्या हायत, मला कुनी सांगितलं न्हाई!”

चार वाजता मी चहा आणला. पुस्तक आणायला उठले तर आप्पा आधीच पेटीपाशी गेलेले. निळं पुस्तक ते स्वतः घेऊन आले. बसताना पुस्तक हातातून निसटलं आणि शेवटचा तो कागद, मीच सुईनं सोडवलेला, घडी उलगडून त्यांच्या मांडीवर पसरला.

तो कागद मी फाडून टाकायला हवा होता, असं तेव्हा वाटलं. दुसऱ्याचं पुस्तक फाडायचा धीर झाला नव्हता.

आप्पांनी कागद लांब धरला, जवळ धरला. नव्या डोळ्यानं त्यांना एक एक लाट दिसत असणार. समुद्र, खडक, बुरूज. कुठेच कुरण नाही, कुठेच मेंढरू नाही. त्यांचं बोट समुद्रावरून फिरलं आणि बुरुजाच्या पायथ्याशी थांबलं.

“पोरी,” ते अगदी हळू म्हणाले, “ह्यात मेंढरं कुठं हायत?”

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. त्या डोळ्यात आता साय नव्हती.

“आत असतील, आप्पा,” मी म्हटलं. “भरती आली म्हणून आत घेतली असतील.”

आप्पा कितीतरी वेळ चित्राकडे बघत राहिले. चहा निवला.

“व्हय,” शेवटी ते म्हणाले. “बायामाणसांना, लेकरांना बी घेतलं आसंल.”

“घेतलं असेल.”

त्यांनी कागदाची घडी जशी होती तशी घातली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

“वाच मग,” म्हणाले. “हौसाबाई म्हणू त्या मॅकच्या बायकूला. त्यानं लिहिलं नसलं तरी.”